हेडफोनसाठी डॅक: फरक ऐकू येतो का, आणि येतो तो नक्की कशाचा?

शिवडीकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

लॅमिंग्टन रोडला हेडफोन घ्यायला गेलं की बिल होण्याआधी एक प्रश्न हमखास येतो: "डॅक कुठला वापरता?" (डॅक म्हणजे डिजिटल फाइलमधून हेडफोनला लागणारी विजेची लहर बनवणारं उपकरण.) वापरत नाही म्हटलं की दहा-पंधरा हजारांचं एक खोकं काउंटरवर येतं. ते घरी आणून जोडलं की ऐकणाऱ्याला वाटतं, वाद्यं सुटी झाली, तबल्याला वजन आलं, गाणाऱ्याचा श्वास ऐकू यायला लागला. त्याला तसं वाटतं यात मला तिळमात्र शंका नाही. पण ते डॅकमुळे वाटतं का, हा प्रश्न मला आणि माझ्या दोन मित्रांना बरेच दिवस छळत होता. शेवटी आम्ही तो पद्धतशीर तपासायचं ठरवलं.

मत आधीच मांडतो. नीट बनवलेल्या दोन डॅकचा व्हॉल्यूम काटेकोर सारखा केला आणि कुठला चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू दिलं नाही, तर त्यांतला फरक ओळखणं जवळजवळ अशक्य होतं. ज्यांना फरक ऐकू येतो त्यांना बहुतेक वेळा खराखुरा फरकच ऐकू येत असतो. तो व्हॉल्यूमचा असतो, आउटपुट इम्पिडन्सचा (उपकरणाच्या आतल्या विद्युत विरोधाचा) असतो, अ‍ॅम्पच्या (हेडफोन हाकणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या) ताकदीचा असतो किंवा लाइनीतून घुसलेल्या गुणगुणीचा असतो. यातलं सगळं मोजता येतं आणि बरंचसं फुकटात सुधारता येतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, पैसे आधी हेडफोनवर घाला.

आता सविस्तर. डॅक फाइलमधले आकडे घेऊन विजेची सलग लहर तयार करतो, बस्स. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासून तिचं माप ठरलेलं आहे: सेकंदाला ४४,१०० नमुने (लहरीची मोजमापं), प्रत्येक नमुना १६ बिटचा. एवढ्यात २२.०५ किलोहर्ट्झच्या आतलं सगळं बसतं आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत बारीक आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. तरुण कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. पन्नाशीत बहुतेकांची धाव १२ ते १४ च्या आसपास संपते. २४ बिटचे कागदावर १४४ डेसिबल होतात, पण सर्किटची स्वतःची खरखर असतेच, त्यामुळे उत्तमातले उत्तम डॅकसुद्धा १२०-१३० च्या घरात थांबतात. आणि आपण ऐकतो कुठे? शेजारच्या इमारतीचं काम चालू, खाली रिक्षा, डोक्यावर पंखा. रात्री बाराला खिडक्या लावून बसलं तरी मुंबईतल्या खोलीत ही सगळी शांतता वापरायला मिळत नाही.

ऐकतो काय तेही बघा. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या फाइल्समध्ये गाणं आणि सुईची खरखर यांत चाळीसेक डेसिबलचं अंतर असतं. जुन्या मैफिलींच्या कॅसेटी फार तर पन्नास-पंचावन्न. हजार रुपयांचं डोंगल (फोन किंवा लॅपटॉपला लावायचा छोटासा डॅक) त्याच्या दुपटीच्या आसपास देतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. तीन डॅक घेतले. एक अ‍ॅपलचं यूएसबी-सी ते ३.५ मिमी डोंगल, जे हजाराच्या आसपास मिळतं आणि ज्यात सिरस लॉजिकची चिप असते. दुसरा एकेएम कंपनीच्या चिपचा टेबलावरचा डॅक. तिसरा ईएसएस कंपनीच्या चिपचा, बराच महाग. तिन्ही एकाच अ‍ॅम्पला जोडले, म्हणजे हेडफोन कोण हाकतंय हा प्रश्नच उरला नाही. हेडफोन सेनहायझर एचडी ६५०. मल्टिमीटरने तिघांची पातळी ०.१ डेसिबलच्या आत आणली. ही पायरी गाळली तर सगळी मेहनत वाया जाते. अर्धा डेसिबल जास्त असलेला डॅक "मोठा" वाटत नाही, "जास्त उघडा, जास्त स्वच्छ" वाटतो. दुकानात दोन डॅक शेजारी ठेवून दाखवतात तेव्हा पातळी कुणी मोजत नाही, आणि एकाचं आउटपुट २ व्होल्ट, दुसऱ्याचं १ व्होल्ट असं असलं तर निकाल ऐकण्याआधीच लागलेला असतो.

मग एक जण पाठीमागे बसून नाणं उडवायचा आणि त्याप्रमाणे वायर बदलायचा. ऐकणाऱ्याने फक्त "पहिला" किंवा "दुसरा" लिहायचं. हिशोब असा की १६ वेळा ऐकलं तर किमान १२ वेळा बरोबर यायला हवं. निव्वळ अंदाजाने १२ किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण ४ टक्के असते, म्हणून १२ पेक्षा कमी आले तर तो नशिबाचा भाग.

ऐकायला मुद्दाम कठीण माल निवडला. ख्यालाच्या एका ध्वनिमुद्रणाची सुरुवात, जिथे नुसते दोन तानपुरे आहेत. खर्जाची तार छेडल्यावर जवारीतून (घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारातून) स्वरांचा झोत वर चढतो आणि मग त्याच खर्जातून कुणीही न छेडलेला गंधार हलकेच उमटतो. तो किती उशिरा येतो, किती टिकतो, पुढची पंचमाची तार त्याला कुठे झाकते, हे आम्ही कान देऊन ऐकलं. माझी समजूत अशी की उपकरणात कुठे खोट असेल तर ती आधी इथे सापडेल. त्याखेरीज एकल तबला, कारण शाईवरच्या थापेनंतर जी 'घुम' मागे राहते तिला खोटं करणं सोपं नसतं. आणि आजची चित्रपटगीतं, भरपूर कॉम्प्रेशनवाली, म्हणजे बारीक आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी केलेली.

तिघांपैकी कुणालाही नाणेफेकीच्या पलीकडे जाता आलं नाही. तानपुऱ्यावरही नाही.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी असतील तर जास्तच बरं, फक्त पातळी मोजली होती का ते सांगा.

पेटीवाली

फार आवडला धागा. तानपुऱ्यातल्या गंधाराचं लिहिलंत ते अगदी खरं. आमच्या गुरुजींकडे तानपुरा जुळला की नाही हे त्या गंधारावरूनच ठरवायचे.

एक भर घालते. बरेच जण दोन डॅक नव्हे, दोन अ‍ॅप्सची तुलना करत असतात आणि श्रेय डॅकला देतात. स्ट्रीमिंगवर व्हॉल्यूम समान करण्याचं सेटिंग असतं, ते एका अ‍ॅपमध्ये चालू आणि दुसऱ्यात बंद असलं की कित्येक डेसिबलचा फरक पडतो. शिवाय एकाच मैफिलीची दोन वेगळी रीमास्टर्ड रूपं दोन ठिकाणी असतात. माझ्याकडे काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून घेतलेल्या सीड्या आहेत (दुकान २०१६ ला बंद झालं, अजून त्या कोपऱ्यावरून जाताना वाईट वाटतं). त्यांतली एक मी स्वतः रिप केली आणि तेच गाणं स्ट्रीमिंगवर ऐकलं, तर स्ट्रीमिंगवाल्यात तानपुरा पुढे आणि आवाज कोरडा. दोन्ही एकाच डॅकवर. हा फरक डोळे बांधूनही सांगता येतो.

मल्टिमीटरने पातळी कशी जुळवायची ते जरा उलगडून सांगाल का?

मंद्रसप्तक

शिवडीकर, मेहनत घेतलीत, मान्य. तरी माझा अनुभव वेगळा आहे आणि तो मी सोडणार नाही.

माझ्याकडे आर-टू-आर लॅडर डॅक आहे, म्हणजे रेझिस्टरांच्या शिडीवरून थेट व्होल्टेज बनवणारा. आजचे बहुतेक डॅक डेल्टा-सिग्मा असतात. ते सिग्नल मेगाहर्ट्झच्या वेगाने थोड्याच बिटांत फिरवतात आणि खरखर ऐकू येण्याच्या पट्ट्याबाहेर ढकलतात. गणित बरोबर असेल, पण माझ्या लॅडरवर मल्लिकार्जुन मन्सूर ऐकतो तेव्हा गाणारा माणूस समोर बसलेला असतो. आलापाच्या शेवटी जी दाणेदार किनार येते ती चिपच्या डॅकवर मला काचेसारखी गुळगुळीत वाटते. मोजमापांत हे दिसत नसेल तर मोजमापंच अपुरी आहेत असं मी म्हणेन. दोन स्वर शुद्ध लावले म्हणजे गाणं झालं असं होत नाही ना?

आणि एकेएम गोड, ईएसएस तिखट, हे जगभरचे लोक उगाच म्हणतात का?

शिवडीकर

मंद्रसप्तक, तुमचा लॅडर एनओएस मोडमध्ये, म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग (मूळ नमुन्यांच्या मध्ये हिशोबाने आणखी नमुने भरणं) बंद ठेवून चालवता का? तसं असेल तर तुम्हाला फरक ऐकू येतो यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवतो. तो फरक मोजमापांतही ठळक दिसतो.

ओव्हरसॅम्पलिंग नसलं की प्रत्येक नमुना पुढचा येईपर्यंत तसाच धरून ठेवला जातो, लहर पायऱ्यापायऱ्यांची होते. त्याचा परिणाम म्हणून वरचे स्वर हळूहळू उतरतात: ४४.१ च्या फाइलमध्ये २० किलोहर्ट्झला साधारण ३.२ डेसिबल, १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल. शिवाय २२.०५ च्या वर मूळ ध्वनीच्या आरशातल्या प्रतिमा उमटतात. ट्रेबल जरा मवाळ झाला की जुन्या ध्वनिमुद्रणांची धार कमी होते, आवाज जवळचा वाटतो. मन्सूरांच्या गाण्याला ते मानवत असेल, नव्हे मानवतंच. पण हाच उतार इक्वलायझरमध्ये (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) फुकट मिळतो, आणि नको तेव्हा काढताही येतो.

शिडीची दुसरी अडचण रेझिस्टरांची. १६ बिटचं काम चोख व्हायचं तर सर्वांत वरच्या बिटचा रेझिस्टर ६५,५३६ मध्ये एक भाग इतका अचूक हवा, म्हणजे ०.००१५ टक्के. तेवढं जमत नाही तिथे बारीक आवाजात विकृती वाढते. तीही कुणाला आवडू शकते. आवडीवर माझा काही आक्षेप नाही, "जास्त खरा" म्हणण्यावर आहे.

एकेएम-ईएसएसचं. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली आणि त्यांच्या डॅक चिप मिळेनाशा झाल्या. अनेक उत्पादकांनी नाइलाजाने आपल्या यंत्रांत ईएसएसच्या चिप घालून नवी रूपं काढली. चिपला स्वतःची चव असती तर गोड यंत्रं एका रात्रीत तिखट व्हायला हवी होती. चिपच्या पुढचं अ‍ॅनालॉग सर्किट, वीजपुरवठा आणि फिल्टरची निवड यांनी चिपपेक्षा जास्त फरक पडतो, आणि तोही चांगल्या यंत्रात ऐकू येण्याच्या खालीच राहतो. सुरुवातीच्या काही ईएसएस यंत्रांत मधल्या पातळीला विकृतीचा उंचवटा मोजमापांत दिसायचा हे खरं. तो चिपभोवतीचं सर्किट सुधारून घालवता येतो.

मोजमापं अपुरी म्हणता तर माणसांवरचे प्रयोग घ्या. मायर आणि मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. एसएसीडीचा (सुपर ऑडिओ सीडीचा) उच्च दर्जाचा सिग्नल एकदा थेट आणि एकदा १६ बिट ४४.१ च्या जोडयंत्रातून, म्हणजे आधी डिजिटल करून पुन्हा अ‍ॅनालॉग करून, लोकांना ऐकवला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे निम्मी. उलट बाजूही सांगतो: लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा उच्च दर्जाचा ध्वनी ओळखण्याची क्षमता नाणेफेकीपेक्षा किंचित वर निघाली, आणि प्रशिक्षण दिलेल्या लोकांत ती बरीच वाढली. म्हणजे "शून्य फरक" असं मी कधीच म्हणणार नाही. पण जो फरक पकडायला कान तयार करावे लागतात त्यासाठी पन्नास हजार, आणि जो पहिल्या सेकंदाला कळतो त्या हेडफोनसाठी पाच हजार, हा हिशोब मला पटत नाही.

सोल्डरिंगवाला

शिवडीकरांचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यांनी आउटपुट इम्पिडन्स एका शब्दात उरकला. खरी मेख तिथेच आहे, म्हणून जरा खोलात जातो.

बॅलन्स्ड आर्मेचर या प्रकारचे अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या आयईएमचा, म्हणजे कानात घट्ट बसणाऱ्या इयरफोनचा, इम्पिडन्स एकसारखा नसतो, फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो. समजा तो कुठे १० ओहम आहे आणि कुठे ४०. उपकरणाचा आउटपुट इम्पिडन्स १ ओहम असला तर या दोन जागांतला फरक अर्ध्या डेसिबलच्या जरा वर राहतो. तोच १० ओहम झाला की फरक चार डेसिबल! म्हणजे तोच आयईएम एका उपकरणावर बासभर आणि दुसऱ्यावर किरकिरा. लोक म्हणतात "या डॅकचा बास बघ". डॅक बिचारा निर्दोष असतो, त्याच्या मागच्या अ‍ॅम्पचा हा प्रताप. म्हणून हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्शाहून कमी आउटपुट इम्पिडन्स असावा असा ठोकताळा आहे.

जुन्या अ‍ॅम्पच्या पुढच्या जॅकला शंभर-सव्वाशे ओहम सहज सापडतात. त्यावर सेनहायझरचा एचडी ६०० लावा. त्याचा इम्पिडन्स कागदावर ३००, पण १०० हर्ट्झच्या आसपास पाचशेच्या घरात जातो. १२० ओहममधून हाकला तर तिथे एक डेसिबलचा फुगवटा येतो. "वॉर्म" म्हणतात तो हा. अनेक ट्यूब अ‍ॅम्पचीही हीच गोष्ट.

ताकदीचं. एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की १०३ डेसिबल. अ‍ॅपलचं डोंगल कमाल १ व्होल्ट देतं (युरोपातलं रूप अर्धाच देतं, परदेशातून कुणी आणणार असेल तर लक्ष ठेवा). चित्रपटगीतांना १०३ पुष्कळ झाले. पण कमी पातळीवर मुद्रित केलेला ख्याल असेल तर आवाज पूर्ण चढवूनही समाधान होत नाही, आणि लोक म्हणतात डोंगलचा आवाज "पातळ". तिथे अ‍ॅम्प हवा. बायरडायनॅमिकच्या ६०० ओहमवाल्यांना आणि हट्टी प्लॅनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनला तर हवाच हवा.

आता गुणगुण, आपल्या शहराचा खास विषय. लॅपटॉपचा दोन पिनचा चार्जर, यूएसबीने जोडलेला डॅक, त्यापुढे वेगळ्या अडॅप्टरवरचा अ‍ॅम्प. दोन्ही अडॅप्टरांची किंचित गळती आरसीए (दोन्ही यंत्रं जोडणाऱ्या) वायरच्या जाळीतून वाहते आणि कानात बारीक चरचर येते. लॅपटॉपच्या धातूवर बोट फिरवलं की झिणझिण्या येतात ना, तीच गळती. चाचणी सोपी: चार्जर काढा, बॅटरीवर ऐका. चरचर गेली तर रोग सापडला. औषध म्हणजे डॅकला ऑप्टिकल वायरने जोडा, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूतून वीज वाहत नाही. नाहीतर डॅक-अ‍ॅम्प एकत्र असलेलं यूएसबीवर चालणारं एकच खोकं घ्या. आणि तीन पिनचा चार्जर असला तरी भिंतीतलं अर्थिंग जिवंत आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. हे ध्वनीपेक्षा जिवाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं.

डोंबिवली_फास्ट

आमचं ऐकणं सगळं लोकलमध्ये. तिथे कुठलाही डॅक सारखाच. कानात घट्ट बसणारे आयईएम आणि योग्य मापाची रबरी टोकं, एवढ्यावर सगळं अवलंबून. सील नीट बसलं नाही की बास जातो, मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलची आहे, गाडीच्या खडखडाटावर मात करायला गेलं तर ती कधीच ओलांडली जाते. फलाटावर आणि उतरताना कान मोकळे ठेवा, कृपा करून.

ब्लूटूथवाल्यांसाठी एक आठवण: तुमचा डॅक हेडफोनच्या आतच असतो. फोनला महागडा डॅक लावून ब्लूटूथवर ऐकण्यात काही अर्थ नाही.

नवा_श्रोता

खूप शिकायला मिळतंय. माझा प्रश्न विचारतो. गिरगावात चाळीत राहतो, दीड खोली, घरात पाच माणसं. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स आहे, लॅपटॉपच्या जॅकलाच लावतो. चार्जर लावला की मागे चर्र असा आवाज येतो. बजेट वीस हजार. दुकानदार म्हणाला १६ हजारांचा डॅक आणि त्यावर यूएसबीची वीज शुद्ध करणारं एक यंत्र घे. मुख्यतः नाट्यसंगीत, अभंग आणि नवीन मराठी गाणी ऐकतो. घेऊ का?

शिवडीकर

अजिबात घेऊ नकोस. (वयाने लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.)

तुझी चरचर लॅपटॉपच्या आतल्या ऑडिओ सर्किटात घुसतेय. हजाराचं डोंगल लावलंस की अ‍ॅनालॉगचं सगळं काम लॅपटॉपच्या बाहेर, स्वतःच्या छोट्या सर्किटावर होईल. बहुतेक वेळा एवढ्याने आवाज बंद पडतो. एम५०एक्स ३८ ओहमचा आणि संवेदनशील आहे, १ व्होल्टवर ११० डेसिबलच्या वर जातो. त्याला अ‍ॅम्पची गरज नाही. ते शुद्धीकरणाचं यंत्र विसर. डोंगल लावूनही चरचर राहिली तर सोल्डरिंगवाल्यांनी सांगितलेलं अर्थिंग बघ, तो खर्च यंत्रापेक्षा कितीतरी कमी.

मग विंडोजवर इक्वलायझर एपीओ टाक, फुकट आहे. एम५०एक्सचा बास फुगीर आहे, अभंगात पखवाज आणि गाणाऱ्याचा खालचा आवाज एकमेकांत मिसळतात. तिथे दोन-तीन डेसिबल काढून बघ. नेटवर जवळपास प्रत्येक हेडफोनच्या मोजलेल्या आलेखावरून तयार सेटिंग मिळतात, ती थेट भरता येतात. कुठली फ्रिक्वेन्सी वाढवलीस तर प्रीअ‍ॅम्प (एकूण पातळी ठरवणारी पट्टी) तेवढाच खाली आण, नाहीतर शिखरं कापली जातील. या एका गोष्टीने जेवढा बदल ऐकू येईल तेवढा जगातल्या कुठल्याही डॅकने येणार नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितोय.

उरलेले पैसे दुसऱ्या हेडफोनसाठी ठेव. लोक ओपन-बॅक (मागून उघड्या कपांचा) घे म्हणतील. स्वर मोकळे येतात हे खरं, पण आवाज बाहेरही तितकाच जातो आणि घरातला कुकर-टीव्ही आतही येतो. दीड खोलीत पाच माणसं असतील तर बंद कपांचाच घे. शक्य असेल तर आपला लॅपटॉप आणि आपलीच गाणी घेऊन दुकानात जा आणि निवांत ऐकून घे.

सोल्डरिंगवाला

नवीन गाण्यांबद्दल एक राहिलं. आजची गाणी इतकी चढवून मास्टर करतात की नमुन्यांच्या मधली लहर कमाल मर्यादेच्या वर जाते. डॅक ओव्हरसॅम्पलिंग करताना ती मधली शिखरं काढायला जातो आणि ज्याच्यात जागा राखलेली नसते तो ती कापतो. बेंचमार्कच्या डॅकमध्ये यासाठी साडेतीन डेसिबलची मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे. इथे दोन डॅकमध्ये खरोखर फरक असू शकतो. उपाय मात्र फुकट: प्लेअरचा डिजिटल व्हॉल्यूम ३ डेसिबल खाली ठेवा, म्हणजे बहुतेक गाण्यांत हा प्रश्न मिटतो.

अँड्रॉइडवाल्यांसाठी: अ‍ॅपलचं डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर अर्ध्याहून कमी आवाज देतं, कारण फोन डोंगलचा आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो सारखं स्वतःचा ड्रायव्हर असलेलं अ‍ॅप वापरलं की सुटतं.

मंद्रसप्तक

शिवडीकर, तुम्ही विचारलंत म्हणून करून पाहिलं. माझ्या डॅकमध्ये एनओएस आणि ओव्हरसॅम्पलिंग दोन्ही मोड आहेत. मुलीला बटण दाबायला बसवलं, मी पाठमोरा. एनओएस मला सहज ओळखता आला, विशेषतः झांजा आणि तंबोऱ्याच्या वरच्या झंकारात. ओव्हरसॅम्पलिंग मोड आणि मुलीचं डोंगल यांत, पातळी जुळवल्यावर, मला खात्रीने काही सांगता आलं नाही.

तरी लॅडर विकणार नाही. रोज संध्याकाळी त्याच्यावर ऐकतो, एनओएसमध्येच, आणि इक्वलायझरमध्ये आकडे भरत बसण्यापेक्षा मला ते एक बटण बरं वाटतं. ज्याला हा स्वभावाचा आवाज हवा आहे त्याने लॅडर जरूर घ्यावा. फक्त विकणाऱ्याने "एनओएसमुळे ट्रेबल उतरतो" असं सरळ सांगावं, "संगीताचा आत्मा" वगैरे म्हणू नये, एवढं मीही म्हणेन.

पेटीवाली

वा, मंद्रसप्तक! हे वाचून फार बरं वाटलं. शिवडीकर, माझा मल्टिमीटरचा प्रश्न तेवढा राहिला.

शिवडीकर

हो ताई, सांगतो.

आधी मीटर बघा. तो पिवळा स्वस्त मीटर असतो त्याला एसीच्या २०० आणि ७५० व्होल्ट अशा दोनच रेंज असतात, आपल्या कामाला तो निरुपयोगी. एसीमध्ये २ व्होल्ट किंवा मिलिव्होल्टची रेंज असलेला हवा. २०० हर्ट्झचा सलग सूर असलेली फाइल घ्या. जास्त वरचा सूर नको, साधे मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे खोटे आकडे दाखवतात. प्लेअर आणि सिस्टीममधली सगळी व्हॉल्यूम समान करणारी सेटिंग बंद करा.

अ‍ॅम्पच्या जॅकला दोन तोंडांचा स्प्लिटर लावा. एका तोंडाला नेहमीचा हेडफोन जोडलेलाच ठेवा, कारण भार असताना आणि नसताना व्होल्टेज वेगळं येतं. सूर वाजताना तो कानाला मात्र लावू नका. दुसऱ्या तोंडाला एक मोकळी पिन घालून मीटरच्या सळ्या टोकाला आणि बुंध्याला टेकवा, टोक म्हणजे डावा चॅनल. पहिल्या डॅकवर समजा ०.५०० व्होल्ट आले, तर दुसऱ्यावर ०.४९४ ते ०.५०६ च्या मध्ये यायला हवेत. तेवढ्यात आलं म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत.

जास्त येतं त्याचा व्हॉल्यूम प्लेअरमधून खाली आणा, इक्वलायझर एपीओच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये ०.१ च्या टप्प्यांनी उतरवता येतं. विंडोजच्या पट्टीने इतकं बारीक जमत नाही. अ‍ॅम्पच्या गोल बटणाला मध्ये हात लावू नका, नाहीतर परत सुरुवातीपासून. उजवा चॅनलही एकदा मोजा, दोघांत तफावत असली तर गाणारा मधोमध न बसता एका बाजूला सरकतो.

आणि मीटरची बॅटरी उतरली असेल तर आकडे भरकटतात, ती आधी बदलून घ्या.